मुस्ये आणि मुकी अक्षरं

आयुधपूजेच्या दिवशी तंजावूरच्या घराघरांत कात्री, हातोडी, शिवणयंत्र, सायकल अशा सगळ्यांना गंध-कुंकू लागतं. आमच्या मुस्यांच्या घरीही लागायचं, पण सरसकट नाही. फ्रेंचमध्ये जी वस्तू स्त्रीलिंगी, तिलाच कुंकू. पुल्लिंगी असेल तर नुसतं गंध. दार बाई, किल्ली बाई, खुर्ची बाई, शिवणयंत्रही बाई. हातोडी, सुरी आणि छताचा पंखा हे पुरुष. सायकलीपाशी येऊन मात्र ते अडत, कारण फ्रेंचमध्ये सायकलीला दोन शब्द आहेत, एक स्त्रीलिंगी आणि एक पुल्लिंगी. मग ते हँडलच्या एका मुठीला कुंकू लावत आणि दुसरीला गंध.

त्यांची थोरली बहीण, अक्का, दारात उभी राहून हे बघायची आणि कपाळावर हात मारायची.

"सुरी पुरुष, आणि दार बायको? मेल्या, घरी चार माणसं यायची आहेत. त्यांना काय सांगू?"

"सांग, व्याकरणाचं पान बावीस," मुस्ये म्हणत.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. राजवाड्यामागच्या आमच्या मराठी वस्तीत सगळे त्यांना मुस्येच म्हणत. हा पाँडिचेरीकडचा शब्द, तिकडे साहेबाला असं म्हणतात. ते स्वतः मात्र तो शब्द पुस्तकात लिहिला आहे तसा, एकही अक्षर न गाळता, ‘मोन्सिएउर’ असा म्हणत. पुढे या न गाळण्यानंच सगळा घोटाळा केला.

सतराव्या वर्षी ते घर सोडून पाँडिचेरीच्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं आणि ओळीत उलटं बसवायचं, हे काम. छापखाना शाळांची फ्रेंच पुस्तकं छापी. त्यात एक व्याकरण होतं, ते दर काही वर्षांनी नव्यानं जुळवावं लागे. मुस्यांनी ते नऊ वेळा जुळवलं. त्यांना फ्रेंच कुणी शिकवलं नाही. मालक तमिळ, सोबतचे कामगार तमिळ. ती भाषा त्यांच्या बोटांतून वर चढत डोक्यात गेली. व्याकरणातला कुठलाही नियम विचारा, ते आधी पान सांगत आणि मग नियम. फ्रान्सला ते कधी गेले नाहीत. फ्रेंच माणसाशी चार वाक्यं बोलायचीही वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

निवृत्त होऊन तंजावूरला परतले तरी हाताचं काम सुटलं नव्हतं. विचार करताना उजव्या हाताची बोटं हवेतून काहीतरी वेचत राहायची. समोर बसलेल्याची वही ते उलटीच वाचायचे, फिरवून घ्यायची गरजच नाही. आणि ‘चूक’ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. म्हणत, "हा खिळा दुसऱ्या खणात पडला आहे, बाळ. उचल आणि जागेवर ठेव."

त्यांच्या स्वतःच्या हातून मात्र एक खिळा पडला होता. ‘मरणे’ या क्रियापदाच्या जुन्या, फक्त लिहिण्यात वापरतात त्या भूतकाळात ‘आम्ही मेलो’ असं रूप आहे. त्यातल्या एका स्वरावर टोपीसारखी खूण असते. एका आवृत्तीत ती टोपी राहून गेली. पुस्तकं छापून शाळांत गेली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून पाँडिचेरीचा कुणीही फ्रेंच जाणणारा भेटला, की ते त्याला पाणी विचारायच्या आधी कागद पुढे करत. "‘आम्ही मेलो’ लिहून दाखवा बघू." समोरचा गांगरे. टोपी घातलेली दिसली की यांचा जीव खाली पडे.

मी एकदा हसून म्हटलं होतं, "आम्ही मेलो, असं कोण म्हणायला जाणार आहे, मुस्ये?"

"कुणी म्हणो न म्हणो. टोपी हवी."

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्या गरजेनं. लग्नाला पाच महिने झाले होते आणि नवरा लियाँ शहरात एका हॉटेलात स्वयंपाकी होता. तो कारैकालचा, तमिळ. आमचं बोलणं तमिळमध्येच चाले. त्यानं कळवलं, इथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तुला काम मिळेल, पण फ्रेंच परीक्षेचं प्रमाणपत्र हवं. ते मिळेपर्यंत मी तंजावूरला आई-बाबांकडे. रोज संध्याकाळी फोनवर त्याचा चेहरा बघायचा आणि तो ठेवला की भिंत बघायची. आई म्हणाली, "मागल्या गल्लीत ते वेडे मुस्ये आहेत की. विचारून तर बघ."

ते तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, बसून शेंगा सोलत होते. उंच, वाळका माणूस. पांढरं धोतर, आणि डोळ्यांवर इतका जाड चष्मा की डोळे आतून मोठे दिसायचे.

"कोणाची ग तू?"

मी बाबांचं नाव सांगितलं. काम सांगितलं.

"मी शिकवत नाही. तमिळ पोरं आली होती. त्यांच्या भाषेत खुर्ची-टेबलाला तो नाही, ती नाही. विचारतात, टेबल बाई कशी? रडतात आणि जातात." मग थोडं थांबून म्हणाले, "घरी मराठी बोलत्येस?"

"बोलते."

"तांब्या?"

मला कळलं नाही. त्यांनी बोट उचललं. "तो, ती, का ते?"

"तो."

"वाटी?"

"ती."

"ताट?"

"ते."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही."

"सेरि," ते म्हणाले. सेरि म्हणजे तमिळमध्ये ठीक. "उद्या ये. वही आण. आणि येताना रोज घरातली एक वस्तू आणायची. फी तीच. जाताना परत न्यायची."

मी दुसऱ्या दिवशी लिंबू नेलं. त्यांनी ते हातावर तोललं, फ्रेंचमध्ये त्याचं नाव सांगितलं, तो की ती हे ठरवून दिलं आणि म्हणाले, "लिही."

मी तमिळ लिपीत लिहायला लागले. आम्हा तंजावूरकर मराठी मुलांना दुसरी लिपी कुठली? घरात मराठी बोलायची, वाचायची नाही. शाळेत तमिळ आणि इंग्रजी. त्यांनी वही उलटीच वाचली आणि नाक मुरडलं.

"तमिळमध्ये प आणि ब एकाच खणात. त आणि द एकाच खणात. यात फ्रेंच कसं मावेल? आधी देवनागरी शिक."

"पण मला फ्रेंच..."

"चार दिवस."

चार नाही, अकरा दिवस लागले. पण त्या अकरा दिवसांनी माझं काय केलं ते तेव्हा मला कळलं नाही. फ्रेंचचे उच्चार लिहिण्यासाठी मी देवनागरी शिकले आणि एका दुपारी त्यांच्या भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरवरची ओळ नकळत वाचून गेले. ती मराठी होती. आई रोज बोलते तेच शब्द तिथं कागदावर बसले होते. मी मोठ्यानं पुन्हा वाचली.  मुस्यांनी आत जाऊन अक्काला कॉफी ठेवायला सांगितली, साखर जास्त घालून.

शिकवताना ते बसत नसत. जुळारी उभ्यानंच काम करतो, म्हणत. आणि शिकवायची त्यांची रीत अशी, की प्रत्येक नियम आधी आपल्या घरात शोधायचा.

"फ्रेंच माणसाकडे भूक असते," ते म्हणत. "त्याच्या भाषेत, माझ्याकडे भूक आहे, तहान आहे, भीती आहे. आपल्याला भूक लागते. दगड लागतो तशी. कोण जास्त भुकेलं?"

आतून अक्का ओरडे, "तू! दोन वाजले, जेवायला ये!"

पुन्हा पुन्हा घडत राहिलेल्या गोष्टींसाठी फ्रेंचमध्ये वेगळा भूतकाळ आहे. तो मला काही केल्या उमजेना. मुस्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

"अक्का, आपली आई सकाळी काय करी?"

"काय करी? पाणी भरी, विळीवर बसे, ओव्या म्हणे, तुला बडवी."

"चारही बरोबर," मुस्ये मला म्हणाले. "भरी, बसे, म्हणे, बडवी. महाराष्ट्रात आता असं बोलत नाहीत म्हणे. अक्का बोलत्ये. तुला शिकायचा आहे तो काळ अक्काच्या तोंडात आहे. तिच्याजवळ जाऊन बैस."

मी खरंच जाऊन बसले. तासभर तिच्या विळीपाशी कांदे सोलत बसून अक्काच्या आईच्या, घराच्या, गेलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकल्या आणि तो काळ मला आला. आजही शाळेत मुलांना वाढताना एखादा त्या काळात बोलला, की मला कांद्याचा वास येतो.

या सगळ्यात एक गोष्ट मोडकी होती आणि ती मला सांगायला कुणी नव्हतं. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची बरीच अक्षरं लिहितात पण बोलत नाहीत. व्याकरणात हे सगळं होतं. मुस्यांना ते पानासकट पाठ होतं. पण ते मानायचे नाहीत. ‘ते बोलतात’ याला फ्रेंच माणूस ‘इल पार्ल’ म्हणेल. मुस्ये ‘इल पार्लेंत’ म्हणत. ‘पारी’ नाही, ‘पारीस’. आणि मलाही तेच म्हणायला लावत.

"पुस्तकात मुकी आहेत असं लिहिलंय ना?" मी एकदा विचारलं.

त्यांनी उजव्या हाताची बोटं माझ्यापुढे धरली. टोकं काळवंडलेली, शिशानं गुळगुळीत झालेली. "ज्याला मी खणातून उचललं, ओळीत बसवलं, साफ करून परत खणात ठेवलं, त्याला मुकं कसं म्हणू? वजन होतं बाळ त्यांना."

मला ते फार पटलं. मी चोवीस वर्षांची होते, आणि ते म्हणतील ते मला पटे.

परीक्षेला पाँडिचेरीला गेले. लेखी पेपर असा गेला की मी वेळेआधी उठले. मग तोंडी. समोर एक हसऱ्या चेहऱ्याची बाई. मी पहिलं वाक्य बोलले. ती पुढे झुकली आणि तिनं ‘काय म्हणालात?’ असं विचारलं. मी पुन्हा, आणखी स्पष्ट, एकेक अक्षर मोकळं करून बोलले. तिचा चेहरा आणखी गोंधळला. दहा मिनिटांत तिनं ते सात-आठ वेळा विचारलं.

नापास झाल्याचं नवऱ्याला सांगितलं. त्याच्या मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता. "पुढच्या वेळी," म्हणाला. पुढची वेळ सहा महिन्यांनी होती.

मुस्यांना मी खोटं सांगितलं. म्हटलं, घाबरले, तोंडून शब्द फुटेना. त्यांनी मान हलवली आणि पान सत्तर काढलं.

खरं काय ते त्यांना कळलं राजवाड्यात. ते शुक्रवारी तिथल्या ग्रंथालयाकडे चक्कर मारत, मीही कधी बरोबर जाई. त्या दिवशी चौकात परदेशी प्रवाशांचा घोळका उभा होता. मुस्ये थबकले. त्यांनी कानामागे तळहात धरला. मला म्हणाले, "फ्रेंच आहेत." कसं ओळखलं कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकत असतील. त्यांनी धोतर नीट केलं, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि पुढे होऊन त्यांचं स्वागत केलं. सुंदर, लांब वाक्य होतं. व्याकरणात तसूभर कमी नाही. प्रत्येक अक्षराचा उच्चार केलेला.

ती माणसं ओशाळं हसली. आखूड पांढऱ्या केसांची एक सत्तरीतली बाई इंग्रजीत म्हणाली, "माफ करा, आम्हाला तमिळ येत नाही."

मुस्ये तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता वळतील आणि जातील. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, त्या बाईच्या हातातलं तिकीट मागून घेतलं आणि त्याच्या मागच्या बाजूला तेच वाक्य लिहून परत दिलं.

बाईनं चष्मा चढवला. वाचलं. वर त्यांच्याकडे बघितलं. मग तिनं ते वाक्य मोठ्यानं वाचलं.

निम्मी अक्षरं तिच्या तोंडात आलीच नाहीत. उरलेलं एकात एक मिसळून पाण्यासारखं वाहून गेलं. मुस्यांनी खुणेनं विनंती केली, पुन्हा. तिनं पुन्हा वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांची बोटं हवेत वेचता वेचता थांबली होती.

मग ती दोघं पायरीवर बसली. तासभर लिहून बोलली. आधी तिच्या तिकिटावर, मग तिच्या सोबत्यांच्या तिकिटांवर, मग माझ्या वहीत. ती एका गावात शिक्षिका होती. तिनं लिहिलं, असं फ्रेंच माझे वडील लिहीत. तुम्ही फ्रान्समध्ये कुठे राहत होता? मुस्यांनी उत्तर लिहिलं ते मी खांद्यावरून वाचलं. ‘मी तिथे कधीही गेलेलो नाही.’ तिनं ते वाचून त्यांचा हात हातात घेतला. तंजावूरच्या भर चौकात. मुस्ये लाजून कानापर्यंत लाल झाले.

परतताना ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले.

"परीक्षेत तुझंही असंच झालं ना?"

मी वहीचा कोपरा दुमडत राहिले.

"मघाशी ती बाई बघत होती, तसंच बघत होते ना तुझ्याकडे?"

"हो, मुस्ये."

"मी तुला बोलता न येणारं फ्रेंच शिकवलं," ते म्हणाले. "तुझा नवरा तिकडे, आणि तू माझ्या हट्टापायी इकडे."

आठ दिवस दार लावून घेतलं त्यांनी. नवव्या दिवशी अक्काच मला बोलवायला आली. "बाळे, ये बाई. त्यानं मोबाइल आणलाय आणि तो चालू होत नाही."

मी फोन लावून दिला, त्यात फ्रेंच रेडिओ शोधून दिला. त्या दिवशी शिकताना ते पहिल्यांदा माझ्यासमोर बसले. उभे राहिले नाहीत. म्हणाले, "आता आपण दोघं शिकणार." फोन कानाशी धरून ते बातम्या ऐकत, हवामान ऐकत, जाहिरातीही. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, म्हणायचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस ओठांचा चंबू करून ‘इ’ आणि ‘उ’ यांच्या मधला तो एक स्वर काढायचा प्रयत्न करी आणि गल्लीतली मुलं खिडकीशी येऊन तसाच चंबू करत. मुस्ये त्यांना हाकलत नसत. "बघ," मला म्हणत, "त्यांना पहिल्याच खेपेला येतो."

जे अक्षर गप्प करायचं त्याच्याखाली ते वहीत एक बारीक टिंब देत. पहिल्या दिवसांत एकेक टिंब देताना पेन्सिल कागदावर थांबून राही. मी बघितलं नाही असं दाखवी. तीन महिन्यांनी पानंच्या पानं टिंबांनी भरली. मग एका संध्याकाळी त्यांनी हवेबद्दलचं एक अख्खं वाक्य एका दमात म्हटलं. रेडिओवरच्या बाईसारखं नाही, पण तिच्या नात्यातलं.

अक्का दाराशी आली. "आता बरं लागतं कानाला. आधी भांडी पडल्यासारखं वाटे."

मुस्ये माझ्याकडे बघून हसले. मग चष्मा काढून पुसला, बराच वेळ.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. समोर तीच बाई होती. या वेळी तिनं एकदाच ‘काय म्हणालात?’ विचारलं आणि तेही माझं उत्तर आवडलं म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेले. अक्कानं डबा भरून दिला. मुस्ये म्हणाले, "तिकडून मला फ्रेंचमध्ये पत्र लिहू नको. फ्रेंच लिहिणारे तिथं पुष्कळ आहेत. मराठीत लिही."

सात वर्षं मी लिहिलं. इथं माझं सगळं फ्रेंचमध्ये चालतं, घरात तमिळ. मराठी बोलायला रविवारी आईचा फोन, आणि लिहायला मुस्ये. माझं पत्र ते परत पाठवत, मुद्रितावर खुणा करतात तशा लाल खुणा करून, आणि खाली स्वतःच्या चार ओळी. शाळेतली मुलं माझ्या बोलण्याला हसतात. म्हणतात, मादाम, तुम्ही पुस्तकासारखं बोलता. मला राग येत नाही. उलट त्या दिवशी घरी जाताना ट्राममध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसते आणि मला ती तिण्णै दिसते, शेंगांची सालं, जाड चष्मा, उलटी वाचलेली माझी वही. इथल्या रस्त्यांवर सगळं नीट आहे. फक्त "कोणाची ग तू?" असं विचारणारं कुणी नाही.

गेल्या वर्षी अक्काचा फोन आला. ती स्वतः कधी करत नसे. मुस्ये अंघोळीहून येताना पडले. उजवी बाजू गेली. सरकारी इस्पितळात ठेवलंय.

"बोलतो आहे, पण डॉक्टर म्हणतात, नुसती बडबड आहे, अर्थ नाही. मी सांगितलं, बडबड नव्हे, व्याकरण आहे ते. वीस वर्षं ऐकत्ये मी. तू ऐक जरा."

तिनं फोन त्यांच्या तोंडाशी धरला. पलीकडून एक जड, ओला आवाज आला. ‘माझ्याकडे तहान आहे.’ फ्रेंचमध्ये. स्वच्छ, जिथल्या तिथं अक्षरं गप्प केलेली.

"अक्का, पाणी मागताहेत."

"अय्यो," अक्का म्हणाली, आणि फोन कुठंतरी ठेवून धावली.

मराठी, तमिळ सगळं त्यांना कळत होतं. कानानं आत जाई ते नीट, तोंडून मात्र फ्रेंचच बाहेर येई. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं. पुढचे नऊ दिवस मी लियाँहून दुभाषी झाले. अक्काची फोन करायची वेळ ठरलेली नसे. मी भाजी चिरता चिरता, बस थांब्यावर, कधी दुकानाच्या रांगेत उभी राहून त्या भावाचं बोलणं बहिणीला सांगत होते. खिडकी उघड म्हणताहेत. शेजारच्या खाटेवरचा रेडिओ बंद करायला सांगा. सांबार आंबट आहे. परिचारिकेला ते त्या भाषेतही आदरानं ‘आपण’ म्हणत. चौथ्या दिवसापर्यंत अक्काला तहानेचा शब्द, सोआफ, ओळखू यायला लागला होता.

सहाव्या दिवशी ते बराच वेळ बोलले. मी अक्काला सांगितलं, "म्हणताहेत, अक्का स्वतःचा दहीभात मला देते आणि उपाशी राहते. तिला जेवायला सांग."

अक्का म्हणाली, "त्याला खोटं सांग ग, मी जेवले म्हणून."

ती त्यांच्या उशाशीच बसली होती. त्यांनी ते ऐकलं होतं. फोनमधून एक वेडावाकडा आवाज आला. मी घाबरले. मग कळलं, ते अर्ध्या तोंडानं हसत होते. अक्काही हसायला लागली. मी ट्रामच्या थांब्यावर उभी राहून हसले आणि माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं.

दहाव्या दिवशी फोन आला तेव्हा मी कामावर होते. तिथं फोन कपाटात कुलपात ठेवावा लागतो. मुलांना वाढून, टेबलं पुसून बाहेर आले तेव्हा अक्काचे चार फोन येऊन गेलेले. मी लावला तो माझ्या आईनं उचलला. मुस्ये गेले होते.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला. आवाज नेहमीसारखा होता, फक्त हळू.

"बाळे, तुला एक विचारायचं होतं. त्या दुपारी तुझा फोन लागला नाही बघ."

"अक्का, मी कामावर..."

"ते असू दे. मी उठत होते, डबा धुवून आणू म्हणून. तर तो काहीतरी म्हणाला. एकच शब्द. मला कळेना. तुला विचारायचा म्हणून तेव्हापासून पाठ करत्ये. स्वयंपाक करताना म्हणत्ये, देवापाशी बसले की म्हणत्ये. घरात माणसं भरली होती, कुणी बोलायला आलं की विसरेन असं वाटे. तू ऐक हं."

तिनं श्वास घेतला आणि परीक्षेला बसलेल्या मुलीसारखं म्हणाली, "रेस्त." मग आणखी एकदा, "रेस्त." जसा म्हणायचा अगदी तसा. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही.

"तहानेचा शब्द हा नव्हे, ते मला कळलं. पण दुसरं काय मागेल तो? म्हणून मी डबा खाली ठेवला, बसले आणि चमच्यानं पाणी पाजलं. दोन चमचे प्याला. मग माझी बोटं धरून ठेवली त्यानं. तसाच गेला. बाळे, पाणीच मागत होता ना?"

मी खुर्ची ओढून बसले.

"पाणी नव्हे, अक्का. ‘राहा’ म्हणाले. जाऊ नको, इथंच राहा."



"राहिले की ग मी," अक्का म्हणाली. "न कळताच राहिले."